मुकबिलच्या छातीवरचं लेकरू

रैमाच्या डोंगरात मुकबिलसारखी गाडी चालवणारा दुसरा माणूस नाही, असं सगळे म्हणत. आणि एखाद्या दिवशी कोणी म्हणायला विसरलंच, तर मुकबिल स्वतः म्हणे. त्याची जुनी लँडक्रूझर म्हणजे पत्र्याचा नुसता खुळखुळा होता. तरी गॅसच्या टाक्या, पिठाची पोती, शेळ्या, लग्नाचं वऱ्हाड, जे काही असेल ते तो खालच्या बाजारातून वर बनी सुलैह गावापर्यंत सुखरूप आणून टाकी. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मधे जे काही होतं त्याला रस्ता म्हणायचं ते दुसरा शब्द सुचत नाही म्हणून. लढाई सुरू झाल्यापासून तो दुरुस्त करायला कोणी फिरकलं नव्हतं.

गप्पा मारायला मुकबिलला कुठलाही विषय चाले. फक्त एका गोष्टीबद्दल तो कधी बोलत नसे. मशिदीमागच्या कब्रस्तानात त्याच्या दोन लेकरांच्या कबरी होत्या.

पहिला मुलगा झाला तेव्हा त्याची बायको नूरिया स्वतःच पोर होती. कडाक्याच्या थंडीत, घरातच बाळंत झाली. बाळाला लगेच आंघोळ घातली, जिभेला तूप चाटवलं, नाळेला काजळ फासलं. आईचं पहिलं पिवळं दूध वाईट म्हणून पिळून टाकलं. गावात जसं सगळ्यांच्या घरी होत आलं होतं, अगदी तसंच सगळं केलं. बाळ गार पडत गेलं आणि तिसऱ्या दिवशी संपलं. दुसरी मुलगी वर्षाच्या आतच आली, तीही दिवस भरायच्या आधी, मांजराच्या पिल्लाएवढी. तिनं तर धड रडूनही दाखवलं नाही. दोन्ही वेळा मुकबिल गाडी घेऊन बाहेर होता. घरी पोचला तोवर माती सारखी करून झालेली. "अल्लाची मर्जी," त्याची आई हज्जा मसऊदा म्हणाली, आणि त्यानंही तेच म्हटलं. दुसरं म्हणणार तरी काय?

त्यानंतर बरीच वर्षं नूरियाला दिवस गेले नाहीत. गेले, तेव्हा ती पूर्वीची घाबरी पोर राहिली नव्हती. अर्ध्या डोंगरावरच्या दवाखान्यात इल्हाम नावाची सुईण होती, रीतसर शिकलेली. नूरिया तिच्याकडे गेली, पोट तपासून घेतलं, आणि घरी येऊन चुलीपाशी बसलेल्या सासूला आणि नवऱ्याला एकदमच सांगून टाकलं.

"दोन आहेत."

"दोन काय?" मुकबिलनं विचारलं.

"दोन डोकी. माझ्या पोटात. आणि या खेपेला मी या घरात बाळंत होणार नाही."

मसऊदानं हातातली पळी खाली ठेवली. "का? माझ्या घराला काय झालं?"

"घराला काही नाही झालं, यम्मा. झालं ते माझ्या लेकरांना झालं."

"मी नऊ बाळंतपणं केली या खोलीत. नऊ! एकदाही उंबरा ओलांडला नाही."

"नऊ केलीस. त्यातली चालायला किती शिकली?"

मसऊदा उठली आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेली. खरं तर कोंबड्यांना दाणे सकाळीच टाकून झाले होते. चारजण चालायला शिकले होते. बाकीचे पाच त्याच कब्रस्तानात होते, पलीकडच्या भिंतीला.

"असं बोलायला नको होतं तिला," मुकबिल म्हणाला.

"नको होतं," नूरियानं कबूल केलं. "पण ऐक. इल्हामबाई म्हणते, माझ्या अंगात रक्त कमी आहे, पाय सुजतात, त्यातून जुळं. अशी लेकरं आधीच येतात. कळा सुरू व्हायची वाट बघत बसलो, तर पुन्हा तेच. त्यामुळे पुढच्या महिन्यात मला खाली मावशीकडे नेऊन सोड. तिथून हॉस्पिटल चालत जाण्यासारखं आहे."

"नेतो," मुकबिल म्हणाला. त्याला वाटलं, पुढचा महिना म्हणजे पुष्कळ लांब आहे.

पण लेकरांना पुढच्या महिन्याशी काही देणंघेणं नव्हतं. एका सकाळी नूरिया तंदुरात रोटी थापत होती आणि तिथंच तिचं पाणी गेलं. मुकबिल गाडीखाली आडवा पडून नट आवळत होता. त्याला आधी बायकोचे पाय दिसले, मग त्या पायांखालची ओली माती.

"बाहेर ये," ती म्हणाली. "निघायचंय."

आतून मसऊदाचा आवाज येत होता, पाणी ठेवा, चादरी काढा, शेजारच्या हमामाला बोलवा! नूरियानं तिकडे लक्षच दिलं नाही. भिंतीला टेकत टेकत ती गाडीत जाऊन बसली. तिचं गाठोडं कधीचं बांधून तयार होतं.

"अगं, रस्त्यातच झालं तर?" मुकबिलनं विचारलं.

"मग रस्त्यात होईल. इथं होण्यापेक्षा तिथून हॉस्पिटल जवळ असेल. एवढी बढाई मारतोस ना गाडीची? चालव आता."

त्यानं चालवली. त्या दिवशी त्याला गाडी चालवताना कोणी पाहिलं असतं तर ओळखलंही नसतं. ना गाणं, ना हॉर्न, ना एका हातानं स्टिअरिंग. प्रत्येक खड्ड्याला नूरिया दातावर दात दाबी आणि तो मनातल्या मनात माफी मागे. तिसऱ्या वळणावर आदल्या दिवशीच्या पावसानं एक धोंडा आणून ठेवला होता, चांगला म्हशीएवढा. मुकबिल खाली उतरला, खांदा लावला, धोंडा जागचा हलेना. तेवढ्यात मागून गातवाल्यांची गाडी आली. गातची चघळायची पानं दुपारच्या आत बाजारात पोचली नाहीत तर ती कोमेजतात आणि कोणी विचारत नाही, म्हणून ही माणसं वाऱ्यासारखी गाड्या हाकतात. त्यांनी आधी शिव्या दिल्या, मग गाडीत बघितलं, मग एकही शब्द न बोलता सगळेच्या सगळे खाली उतरले. धोंडा दरीत गेला. त्यानंतर गातवाल्यांनी पुढे राहून, हॉर्न वाजवत, खालच्या गावापर्यंत वाट मोकळी करून दिली.

दुपारी हॉस्पिटलात दोन्ही लेकरं झाली. आधी मुलगी, मागून मुलगा.

डॉक्टर सुहैर बाहेर आली. तरुण बाई, डोळे जागरणानं लाल झालेले. मुकबिल उठून उभा राहिला.

"दोघं जिवंत आहेत," ती म्हणाली. "आईसुद्धा. पण रक्त बरंच गेलंय तिचं, आम्ही देतोय. लेकरं फार लहान आहेत. काचेची पेटी आमच्याकडे एकच, तिच्यात आधीच दोन बाळं ठेवलीत. शिवाय जनरेटर कधी बंद पडेल सांगता येत नाही."

"मग?"

"मग दुसरा उपाय आहे, आणि तो चांगला आहे. अशा बाळांना उघड्या अंगाशी बांधून ठेवायचं, दिवसरात्र. आमच्याकडे कित्येक बाळं अशी वाचलीत. मुलगा आईच्या छातीशी बांधलाय. मुलीसाठी कोण आहे? सासू आली आहे? बहीण?"

मुकबिलनं इकडेतिकडे पाहिलं, जणू कोणीतरी बहीण खांबामागून निघेल. मसऊदा वर गावात, आणि नूरियाची मावशी तर गुडघ्यांनी जागची हलत नव्हती.

"मी आहे," तो म्हणाला. म्हणजे नेणं-आणणं, औषधं आणणं, असं काहीतरी त्याच्या मनात होतं.

"उत्तम," डॉक्टर म्हणाली आणि आत हाक मारली. आतून इल्हाम आली. आठवड्यातले दोन दिवस ती इथं कामाला असे. तिनं मुकबिलला आपादमस्तक न्याहाळलं.

"जंबिया काढ."

मुकबिलचा हात आपोआप कमरेकडे गेला. पोटावर आडव्या पट्ट्यात खोवलेली ती वाकडी कट्यार त्याच्या बापाची होती. मिसरूड फुटल्यापासून चारचौघांत ती त्यानं कधी उतरवली नव्हती. तो जंबियाविना उभा आहे असं कोणी पाहिलं असतं, तर त्याला विजार नाही असंच वाटलं असतं.

"कशाला?"

"बाळाला टोचेल म्हणून. आणि सदऱ्याची बटणं सोड."

"बाई, मी पुरुष आहे."

"दिसतंय मला. अंग गरम आहे का तुझं?"

"आहे, पण..."

"मग झालं तर. दूध तिच्याकडे, ऊब तुझ्याकडे. हात धू, कोपरापर्यंत. नखांत ते काळं काय आहे? ऑइल? पुन्हा धू."

बायकांच्या वॉर्डात पुरुषाला बसता येत नव्हतं. म्हणून त्याच्यासाठी शेजारची चादरींची खोली रिकामी केली, एक खुर्ची ठेवली, दाराला पडदा लावला. इल्हामनं मुलीला आणलं. अंगात फक्त लंगोट आणि टोपी. बोराएवढी मूठ, आणि कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा मोजाव्यात. तिनं तिला मुकबिलच्या छातीवर बेडकासारखं पालथं ठेवलं, वरून कापड घट्ट गुंडाळलं आणि गाठ मारली.

मुकबिल श्वासच घेईना.

"तू श्वास घे," इल्हाम म्हणाली. "तू घेतलास तर ती घेईल. आणि नीट ऐक. अशी लेकरं कधीकधी श्वास घ्यायचा विसरतात. विसरली, तर पाठ चोळायची, तळव्याला टिचकी मारायची. घाबरायचं नाही, फक्त आठवण करून द्यायची. तरीही नाही घेतला, तर मला हाक."

ती गेली. मुकबिल तसाच ताठ बसून राहिला. आधी त्याला काहीच जाणवेना, नुसतं एक गार, ओलसर ओझं. ओझं म्हणायलाही थोडकंच. मग हळूहळू ते गारपण कमी होत गेलं. त्याच्या छातीच्या केसांत तिची बोटं अडकली. आणि तिचं काळीज किती भराभर उडतंय हे त्याला कळलं.

गप्प बसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तो तिच्याशी बोलायला लागला. सकाळचा धोंडा, गातवाले, गाडीचं इंजिन, दोन हिवाळ्यांमागे घसरणीवर ब्रेक गेला असताना त्यानं शेळ्या कशा वाचवल्या, सगळं सांगितलं. शेळ्यांची संख्या नेहमीप्रमाणे थोडी वाढवूनच. मग त्याच्या लक्षात आलं, की छातीवरची हालचाल थांबली आहे.

त्यानं कापडात डोकावलं. मुलीचे ओठ पांढरेफटक पडलेले. पाठ! त्यानं दोन बोटांनी पाठ चोळली. काही नाही. पुन्हा चोळली, जोरात. तिचा तो इवलासा तळवा शोधून त्यावर टिचकी मारली.

"अगं, घे ना श्वास!" तो ओरडला. "मुकबिलची पोर तू! घे!"

मुलीनं एकदम अंग आखडलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि दार करकरावं तसा आवाज काढला. मग पुन्हा ते काळीज उडायला लागलं, धडधड धडधड.

पडदा सरकला. इल्हाम धावत आली होती. तिनं बाळाच्या नाकाशी बोट धरलं, रंग बघितला. "बरोबर केलंस. फक्त ओरडू नकोस, पलीकडे बाळंतिणी आहेत."

ती गेल्यावर मुकबिलला रडू फुटलं. त्यालाच कळेना, आत्ताच का. मुलगी तर श्वास घेत होती. पण त्याच्या मनात दुसरंच आलं होतं. कब्रस्तानातल्या त्या दोघांना कुणी आठवण करून दिली नव्हती. तीही अशीच श्वास घ्यायचा विसरली असतील, आणि आजूबाजूला एवढी माणसं असून कुणाला ठाऊकच नव्हतं, की बोटानं पाठ चोळायची असते.

पुढे नूरियाच्या अंगात थोडं त्राण आल्यावर तिला चाकाच्या खुर्चीत बसवून पडद्याशी आणलं. तेव्हा त्यानं हे तिला सांगितलं. तिच्या छातीशी मुलगा होता, त्याच्या छातीशी मुलगी.

"मीही तोच विचार करत पडले होते," नूरिया म्हणाली. "पण मुकबिल, हे बघ. तुझं चुकलं, माझं चुकलं, यम्माचं चुकलं, असं घोळत बसलो तर त्या दोघांना काही मिळणार नाही. तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हतं. आता आहे. आता ही दोघं जगली पाहिजेत, आणि ती जगणार आहेत."

ती इतक्या ठामपणे म्हणाली की मुकबिलनं डोळे पुसले आणि मान हलवली.

हॉस्पिटलातली सगळीच लेकरं मात्र जगली नाहीत. काचेच्या पेटीतलं एक बाळ लांबच्या वाडीवरून आलं होतं. नाळ गंजक्या पात्यानं कापलेली, अंगात विष भिनलेलं, आणि आणायला फार उशीर झालेला. डॉक्टर सुहैरनं जे जे करता येतं ते केलं. एका दुपारी त्या बाळाचा बाप चादरींच्या खोलीबाहेर येऊन बसला. विशीतला असेल. त्याच्या हातात ते गुंडाळलेलं होतं. मुकबिल पडद्यामागून उठला, छातीवरची मुलगी सांभाळत त्याच्याजवळ जमिनीवर बसला. वाडीवर परत न्यायला गाडी आली तेव्हा मुकबिलनं त्या तरुण बापाचं डोकं एका हातानं स्वतःच्या खांद्याशी धरलं, एवढंच.

सातव्या दिवशी हॉस्पिटलातच नावं ठेवली, मुलीचं बुशरा, मुलाचं साबिर. नूरिया वाटीत दूध काढी. त्यातलं अर्धं पडद्याआडून मुकबिलकडे येई आणि तो ते थेंबाथेंबानं बुशराच्या ओठांशी लावी. आधी दोघांचं वजन उतरलं, त्यामुळे सगळ्यांची तोंडं उतरली. मग ते थांबलं. मग चढू लागलं. दोघं अंगावर ओढायला शिकली, आणि बुशरा असं ओढू लागली की नूरिया म्हणाली, "ही नक्की तुझीच."

घरी सोडताना डॉक्टर सुहैरनं दोघांना समोर बसवलं. "वर थंडी आहे, म्हणून मला अजून काळजी वाटते. पण इथं जागा नाही. तेव्हा छातीशी बांधणं सोडायचं नाही, आंघोळ नाही, तूप नाही, मध नाही, पाणी नाही. फक्त आईचं दूध. बघायला येणाऱ्यांची गर्दी नाही. आठवड्याला इल्हामकडे वजन. अंग गार लागलं, दूध ओढेना झालं, धाप लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही."

"डॉक्टरीणबाई, गाडी दारातच उभी असते," मुकबिल म्हणाला.

वर घरापाशी बायका जमल्या होत्या. गाडी दिसताच त्यांनी जिभा हलवून आनंदाचा गलका केला. हज्जा मसऊदा दारात उभी. तिच्यामागे घंगाळात गरम पाणी वाफाळत होतं आणि शेजारी तुपाची वाटी.

"आणा माझ्या राजांना," ती हात पसरून म्हणाली. "रस्त्याची धूळ आधी काढते."

मुकबिल खाली उतरला. सदऱ्यातून बुशराची टोपी डोकावत होती आणि कमरेला जंबिया नव्हता. बायकांचा गलका अर्ध्यावरच थांबला.

"यम्मा, पाणी मस्त तापलंय," तो म्हणाला. "ते मला दे. मीच करतो आंघोळ. बरेच दिवस झालेत, लेकरं वासानं गुदमरतील."

बायका खुदकन हसल्या. मसऊदा हसली नाही.

"चेष्टा पुरे. बाळाला आंघोळ नाही? तूप नाही?"

"नाही. ती फार लवकर गार पडतात, यम्मा. पाण्यानं तर लगेच. आणि तूप त्यांच्या पोटाला झेपत नाही. श्वास घ्यायचा विसरली, तर पाठ चोळून आठवण करून द्यावी लागते."

मुकबिलनं बायकांना हात जोडून विनवलं. त्यांचं त्यांना कळलं आणि एकेक करून पांगल्या. आत आल्यावर मसऊदानं दार लावून घेतलं. तिचा आवाज खाली आला होता.

"म्हणजे माझी मी मारली, असं म्हणायचंय तुम्हाला? हमामाची, शेजारणींची, सगळ्यांची आम्हीच मारली?"

मुकबिलला आईच्या डोळ्यांत बघवेना. खरं सांगावं तर ती मोडेल, खोटं सांगावं तर लेकरं जातील.

नूरिया पुढे झाली. तिनं स्वतःच्या छातीवरची गाठ सोडली, साबिरला काढलं, आणि सासूच्या झग्याचा गळा सैल करून त्याला तिथं पालथं ठेवलं. वरून शाल गुंडाळली.

"कुणी काही म्हणत नाही, यम्मा. तू जे ठाऊक होतं ते जीव लावून केलंस. मला उभं राहवत नाही, मी आडवी होते. याला तू सांभाळ. हाक मारू नकोस मला, झोपू दे."

आणि खरोखरच ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मसऊदा गादीवर टेकली. साबिरनं तिच्या सुरकुतल्या गळ्याशी नाक घासलं, एक सुस्कारा टाकला आणि झोपी गेला.

"माझा तौफीक एवढाच होता," ती म्हणाली. मुकबिलनं हे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. "तुझ्या आधीचा. त्याला मी पाळण्यात ठेवला होता, चांगला नवा पाळणा. खिडकीखाली." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण छाती तिनं हलू दिली नाही, साबिर जागा होईल म्हणून.

मग जरा वेळानं, पुष्कळ निराळ्या आवाजात, तिनं विचारलं, "पाठ कशी चोळायची म्हणालास?"

त्या दिवसापासून घराची खरी राखण हज्जा मसऊदानं केली. कोणी बाळंतीण बघायला आलं, की ती उंबऱ्यात हात आडवा धरून उभी. हमामा एकदा लपवून मध घेऊन आली, तर मसऊदानं तो भाकरीला लावून तिच्यासमोरच खाल्ला. "बाळ मोठं झालं की ये," ती म्हणाली. "मध तोवर संपवते मी."

मुकबिलला मात्र गावातल्या पुरुषांना तोंड द्यायचं होतं. दुपारी ऊन चढलं की तो बुशराला घेऊन घराबाहेरच्या बांधावर, ऊन लागेल आणि वारा लागणार नाही अशा जागी बसे. नेमकं त्याच वेळी सगळे गातच्या जुड्या काखेत मारून गावप्रमुख शेखच्या बैठकीला निघत, आणि वाट तिथूनच जाई.

"काय रे मुकबिल," हमूद नावाच्या चक्कीवाल्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "कट्यार कुठं गेली? आणि दूधबिध यायला लागलं की नाही?"

सगळे हसले.

"अजून नाही," मुकबिल म्हणाला. "आलं की पहिली वाटी तुलाच देईन. तुझी वाढ राहिलीय ना अजून."

आता ते हमूदला हसले. हमूद बुटका होता आणि तोही हसला.

शेख अहसन सगळ्यांच्या मागून काठी टेकत येत होता. तो थांबला. त्याची गंभीर, पांढऱ्या दाढीची मुद्रा पाहून बाकीचेही थांबले. शेख काहीतरी कडक बोलणार असं मुकबिलला वाटलं. त्यानं बुशराच्या पाठीवर हात ठेवला आणि वाट बघितली.

"श्वास घेते?" शेखनं विचारलं.

"घेते, शेख. विसरली तर मी आठवण करून देतो."

"हं." म्हाताऱ्यानं काठीवर दोन्ही हात ठेवले. "माझ्या धाकट्या सुनेला दिवस गेलेत. पोर आहे अजून. मागच्या वर्षी थोरलीच्या बाळंतपणात जे झालं, ते तुला ठाऊक आहेच. तिला केव्हा खाली न्यायचं?"

"कळा यायची वाट बघू नका. आधी इल्हामबाईला दाखवा, ती सांगेल तेव्हा मी नेतो."

"उद्या?"

"उद्या सकाळी."

शेखनं मान डोलावली आणि चालू लागला. जाता जाता, मागं न बघता म्हणाला, "हमूद, सिगारेट ओढायची तर लेकरापासून लांब."

हिवाळा सरला. गव्हानं बांध हिरवे झाले तेव्हा बुशरा आणि साबिर दोघांनाही छातीशी बांधणं अशक्य झालं होतं. ती आता लाथा मारत. इल्हामच्या दवाखान्यात वजनाच्या झोळीत बुशरानं इतका आरडाओरडा केला, की इल्हाम म्हणाली, "हिला आता श्वासाची आठवण नको, मलाच कापसाचे बोळे द्या कानात घालायला."

सगळी दवाखान्याच्या अंगणातल्या बाकावर टेकली. मसऊदाही हट्टानं सोबत आली होती. नूरिया साबिरला पाजत होती. पाजता पाजताच म्हणाली, "मुकबिल, मला आता तीन वर्षं तरी मूल नको."

मुकबिलनं आधी आईकडे बघितलं, मग अंगणातल्या माणसांकडे. दोन खेचरवाले पलीकडे बसले होते. गावात हे कळलं तर हमूदला वर्षभर पुरेल.

"हळू बोल," तो म्हणाला.

"का हळू? पहिल्यानंतर वर्षाच्या आत दुसरी आली, माझ्या अंगात तिला द्यायला काही उरलंच नव्हतं. इल्हामबाईनं मला नीट समजावलंय. मला ही दोघं वाढवायचीत, आणि मलाही जगायचंय. तिच्याकडे उपाय आहे. पण मी तुला न विचारता करणार नाही. म्हणून विचारतेय."

मुकबिलनं मान खाजवली. त्याला चार मुलगे हवे होते, निदान तो तसं नेहमी सांगत असे. पण चादरींच्या त्या खोलीत खुर्चीवर बसल्या बसल्या, पडद्यापलीकडे नूरियाला रक्त चढत असताना, त्यानं काय काय मागितलं होतं तेही त्याला ठाऊक होतं. त्यात चार मुलग्यांचं नाव नव्हतं.

"तीन?" तो म्हणाला.

"तीन तरी."

"बरं. तीन."

"एवढा विचार कशाला करावा लागला त्याला?" मसऊदा एकदम म्हणाली. दोघंही चपापली, ती ऐकतेय हे विसरूनच गेली होती. "मला कुणी असं विचारलं असतं, तर मी बसल्या जागेवरून पळत गेले असते. ऊठ गं. दे ते पोरगं इकडे."

तिनं साबिरला नूरियाच्या मांडीवरून उचललं आणि मुकबिलच्या एका हातात दिलं. दुसऱ्या हातात बुशरा होतीच. मग सुनेचं मनगट धरून ती दारातल्या बायकांच्या रांगेत घुसली.

"सरका गं जरा," तिचा आवाज आतून आला. "लेकुरवाळी आहे माझी सून, तिला आधी जाऊ द्या. आणि तुम्हीही नुसत्या बसू नका, आत आलात तशा विचारून घ्या काय विचारायचं ते."

दूध अर्ध्यावर तुटल्यामुळे साबिरनं भोकाड पसरलं. त्याचं बघून बुशरानंही. खेचरवाले मुकबिलकडे बघायला लागले. त्यानं दोघांना दोन खांद्यांवर घेतलं आणि अंगणात येरझाऱ्या घालत, दोघांनाही एकदमच, शेळ्यांची गोष्ट सांगायला सुरुवात केली.